परदेशात घेतलेल्या अ‍ॅम्पची वॉरंटी दुरुस्ती: परत पाठवायचा की इथेच उघडायचा?

मंद्रसप्तक (पुणे)

नमस्कार मंडळी. नेमका सल्ला हवा आहे, म्हणून माहिती आधीच सगळी देतो.

क्लास एबी इंटिग्रेटेड अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर, युरोपियन बनावटीचा, वजन 21 किलो. फ्रँकफुर्टच्या दुकानातून 5,900 युरोला घेतलेला, खरेदीला सव्वा वर्ष झालं. भारतात आणताना विमानतळावर ड्युटी भरली, पावती आहे. कंपनीच्या कार्डावर 3 वर्षांची वॉरंटी छापलेली आहे.

दोष असा: सुरू केल्यावर डावा चॅनेल क्षीण आणि फाटका येतो, कधी पूर्ण जातो. व्हॉल्यूम जोरात वर नेला की 'खट्' करून परत येतो आणि मग तासभर ठीक चालतो. स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून पाहिल्या, दोष अ‍ॅम्पच्याच डाव्या बाजूला राहतो. आरसीए (इनपुटच्या केबल) उलटसुलट केल्या तरी तसंच. स्पीकर टर्मिनलवर डीसी ऑफसेट (आवाज नसतानाही उरणारं डीसी व्होल्टेज) डावीकडे 12 मिलिव्होल्ट, उजवीकडे 9.

भारतातला वितरक म्हणतो, "आमच्याकडून घेतलेला नाही, वॉरंटी लागू नाही." पैसे देऊन दुरुस्त करा म्हटलं तर त्यालाही नकार. कंपनी म्हणते, आपल्या देशातल्या वितरकाशी बोला. जर्मन दुकान म्हणतं, आमच्याकडे पाठवा, वाहतूक तुमची. म्हणजे सगळे एकमेकांकडे बोट दाखवताहेत.

प्रश्न तीन. वॉरंटी वसूल करायची वाट आहे का? पाठवला तर परत येताना पुन्हा पूर्ण ड्युटी बसेल का? आणि मुळात हा दोष तेवढा मोठा आहे का?

श्टुटगार्टकर

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. तुमच्याकडे दोन वेगवेगळे हक्क आहेत आणि समोरची मंडळी त्यांची मिसळ करताहेत.

एक म्हणजे कंपनीने आपखुशीने दिलेली हमी, कार्डावरची 3 वर्षं. ती कुठल्या देशात, कुठल्या अटींवर चालेल हे कंपनी ठरवते. कार्डाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. 'खरेदीच्या देशातच लागू' असं वाक्य असेल तर भारतीय वितरकाला बांधील धरता येत नाही. यामागचं व्यवहारी कारणही समजून घ्या. साधारणपणे कंपनी वितरकाला सुटे भाग देते, पण कारागिराची मजुरी त्याने आपल्या नफ्यातून काढायची असते. जो अ‍ॅम्प त्याने विकलाच नाही, त्यावर मजुरी घालायला तो तयार होत नाही. पैसे देऊनही दुरुस्त न करणं मात्र निव्वळ अडवणूक आहे. ती कंपनीच्या निर्यात विभागाला लेखी कळवा. 'सशुल्क दुरुस्तीलाही नकार' हे शब्द त्यात असू द्या. अशा तक्रारीवर कंपनी वितरकाला सूचना देऊ शकते, आणि तोंडी भांडणापेक्षा तो कागद जास्त उपयोगी पडतो.

दुसरा हक्क दुकानदाराविरुद्धचा, तो कायद्याने मिळतो. जर्मनीत वस्तू हातात आल्यापासून 2 वर्षं. 1 जानेवारी 2022 पासून पहिल्या 12 महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असं गृहीत धरलं जातं, त्याआधी ही मुदत 6 महिन्यांची होती. तुमचे 15 महिने झालेत. म्हणजे हक्क अजून आहे, पण दोष मूळचाच होता हे दाखवायची जबाबदारी तुमच्याकडे आली. म्हणून आजच्या आज दोषाचा व्हिडिओ काढा. पडद्यावर तारीख, अ‍ॅम्पचा पुढचा भाग आणि मागची अनुक्रमांकाची पट्टी एकाच अखंड चित्रीकरणात दिसू द्या.

दुकानाला ईमेल करताना 'नाखएरफ्युलुंग' (कायद्याने मिळणारी दुरुस्ती किंवा बदली) मागतोय असं लिहा आणि उत्तराला 14 दिवसांची मुदत द्या. हा शब्द दिसला की पत्र ग्राहकसेवेच्या साच्यातल्या उत्तरात अडकत नाही. लेखी उत्तरात चार गोष्टी मागा: दुरुस्ती वॉरंटीत धरणार का, आरएमए नंबर (वस्तू परत पाठवण्याच्या मंजुरीचा क्रमांक), परतीची वाहतूक कोण भरणार, आणि दुरुस्ती होऊन हाच अनुक्रमांक परत येईल याची खात्री. चौथी का, ते इथले कस्टम्सचे जाणकार सांगतीलच.

न्हावाशेवा

सांगतो. लोकांचे पैसे सगळ्यात जास्त इथेच बुडतात, आणि ते माल निघण्याआधीच बुडतात. परत आल्यावर काही करता येत नाही.

दुरुस्तीसाठी बाहेर गेलेली वस्तू परत येताना पूर्ण किमतीवर ड्युटी लागत नाही. ही सवलत मुळात 30 जून 2017 च्या 45/2017 या अधिसूचनेने दिली. अधिसूचना अधूनमधून एकत्र होतात, क्रमांक बदलतात, त्यामुळे पाठवायच्या दिवशी लागू असलेला क्रमांक कस्टम ब्रोकरकडून कागदावर लिहून घ्या. तत्त्व असं: दुरुस्तीचा वाजवी खर्च, त्यात वापरलेल्या भागांची किंमत, आणि जाण्यायेण्याची वाहतूक व विमा, एवढ्याच रकमेवर ड्युटी. कंपनीने फुकट दुरुस्त केलं तरी खर्च धरला जातो. प्रत्यक्षात पैसे गेले असोत वा नसोत, असा स्पष्ट शब्दप्रयोग त्यात आहे. म्हणून वॉरंटीतल्या दुरुस्तीचंही इन्व्हॉइस लागतं, 'भाग इतके युरो, मजुरी इतके युरो, ग्राहकाकडून आकारणी शून्य' अशा पद्धतीने. नुसतं 'फ्री रिपेअर' लिहिलेला कागद आला की अधिकारी स्वतःच्या अंदाजाने आकडा धरतो.

उदाहरण घ्या. दुरुस्ती 30,000, दोन्ही बाजूंची वाहतूक मिळून 56,000, विमा 6,000. ड्युटीचा हिशोब 92,000 रुपयांवर होईल. कागद चुकले तर तोच हिशोब पाच-सहा लाखांवर.

अटी तीन लक्षात ठेवा. तीन वर्षांच्या आत परत यायला हवं. मालकी बदललेली नको. आणि गेलेली तीच वस्तू आलेली हवी. तिसऱ्या अटीवर घात होतो. कंपनी कधी चांगुलपणाने जुना अ‍ॅम्प ठेवून घेते आणि नवा कोरा पाठवते. ग्राहक खूश, पण अनुक्रमांक वेगळा, म्हणजे कस्टम्सच्या दृष्टीने ती नवी आयात, आणि पूर्ण ड्युटी. मागचं पॅनेल बदलून त्यावर नवी पट्टी लावली तरी तोच घोळ. आधीच लेखी कळवा: हाच सांगाडा, हाच अनुक्रमांक परत हवा, पॅनेल बदलावंच लागलं तर जुनी पट्टी सोबत आणि बदलाचं पत्र.

आता निघतानाची पायरी. कुरिअरच्या काउंटरवरचा माणूस सवयीने 'भेटवस्तू' किंवा 'नमुना' म्हणून सीएसबी-4 (कुरिअरचा साधा निर्यात फॉर्म) भरून मोकळा होतो. त्या कागदावर परतीची सवलत मागणं फार कठीण जातं. तुम्हाला रीतसर शिपिंग बिल (कस्टम्सचा निर्यात कागद) हवं, ब्रोकरमार्फत, सहारच्या एअर कार्गोमधून. त्यावर मेक, मॉडेल, अनुक्रमांक आणि 'दुरुस्ती करून परत आणण्यासाठी' असा उल्लेख. टॅरिफ शीर्षक अ‍ॅम्पसाठी 8518. तपासणीत अधिकाऱ्याने अनुक्रमांक पडताळून शेरा मारला पाहिजे, हा शेरा म्हणजे तुमचा परतीचा पास. वैयक्तिक वापराच्या वस्तूला आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) लागत नाही, पण पॅन-आधारची केवायसी द्यावी लागते. किंमत खरी लिहा. शंभर युरो लिहून पाठवलेला अ‍ॅम्प वाटेत फुटला तर विमाही शंभराचाच, आणि परतीला तीस हजार रुपयांची दुरुस्तीची पावती शंभर युरोच्या वस्तूला जुळणार कशी?

जर्मनीत उतरतानाही अडचण आहे. तिथे आयातीवर 19 टक्के व्हॅट मागितला जातो. दुकानाने 'इनवर्ड प्रोसेसिंग'खाली, म्हणजे दुरुस्त करून परत पाठवायचा माल म्हणून, नोंद करायला हवी. ते आधी ठरलं नसेल तर दुकान पार्सल घ्यायलाच नकार देतं आणि माल दोन्ही बाजूंचं भाडं खाऊन परत येतो.

कुणी ओळखीचं जात असेल तर हातानेही नेता येतं, 32 किलोपर्यंतची बॅग विमान कंपन्या जादा सामान म्हणून घेतात. जाताना चेक-इनच्या आधी कस्टम्सकडे वस्तू दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या, अनुक्रमांकासह. बॅग पट्ट्यावर गेल्यावर प्रमाणपत्र मागून उपयोग नाही, त्यांना वस्तू बघावी लागते. तिकडे उतरल्यावर लाल मार्गाने जाऊन जाहीर करा, प्रवाशाच्या 430 युरोच्या सवलतीपेक्षा महाग वस्तू आहे.

शिसेकथील (डोंबिवली)

न्हावाशेवांचं सगळं मान्य. पण 21 किलोचा डबा जर्मनीला पाठवण्याआधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधू या, कारण लक्षणं बोलकी आहेत.

आउटपुट ट्रान्झिस्टर गेला असता तर ऑफसेट 12 मिलिव्होल्ट राहिला नसता. आउटपुटला कित्येक व्होल्ट डीसी आलं असतं आणि प्रोटेक्शनने रिले (स्पीकर जोडणारा विजेवरचा स्विच) उचललाच नसता. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर पॉवर स्टेज बहुधा धडधाकट. आवाज कमी असताना चॅनेल जातो आणि जोरात केल्यावर 'खट्' करून येतो, ही स्पीकर रिलेच्या काळवंडलेल्या संपर्कांची नेहमीची खूण आहे. संपर्कावर सल्फाइडचा किंवा ऑक्साइडचा पातळ थर बसतो. कमी व्होल्टेज तो थर भेदू शकत नाही, जास्त व्होल्टेजने तो फुटतो आणि तात्पुरता रस्ता मोकळा होतो. इनपुट निवडणाऱ्या छोट्या रिलेंनाही हाच रोग होतो, म्हणून दोन्ही वेगळे काढायला हवेत.

झाकण न उघडता, म्हणजे वॉरंटीला धक्का न लावता, असं तपासा:

दोन 8 ओहम, 10 वॅटचे वायरवाउंड रेझिस्टर घ्या. फोनवरून 100 हर्ट्झचा सलग टोन द्या. 1 किलोहर्ट्झ नको, साधे मल्टिमीटर तिथे चुकीचं वाचतात. स्पीकर काढून ठेवा. अ‍ॅम्प रात्रभर बंद ठेवून सकाळी थंड असतानाच सुरू करा, आणि व्हॉल्यूम हळूहळू वाढवून उजव्या टर्मिनलवर एसी अर्धा व्होल्ट आणा. आता डावीकडे रेझिस्टर न लावता वाचा, मग लावून वाचा. दोन्ही वेळा सारखंच येतं तर रिले निर्दोष. लोड (म्हणजे हा रेझिस्टर) नसताना बरोबर आणि लोड लावल्यावर कोसळतं तर मधे प्रतिकार आहे. लोड नसतानाही कमीच असेल तर दोष मागे, इनपुट रिले किंवा प्रीअ‍ॅम्पमध्ये. मधे व्हॉल्यूम वर नेऊ नका, थर फुटेल आणि पुरावाच जाईल.

हेडफोन जॅक असेल तर त्यावर डावा चॅनेल येतो का तेही बघा. अनेक अ‍ॅम्पमध्ये तो स्पीकर रिलेच्या अलीकडून निघतो.

दादरकर

विषयाला धरून, अमेरिकेतून किंवा जपानहून आणणाऱ्यांसाठी दोन ओळी. 120 किंवा 100 व्होल्टचा अ‍ॅम्प स्थानिक कारागिराकडून 230 वर फिरवून घेतला की कंपनी वॉरंटी सरळ नाकारते. ट्रान्सफॉर्मरला 120 व्होल्टच्या दोन प्रायमरी (मेन्सकडची वेटोळी) असतील तर त्या समांतरऐवजी एकसर जोडायच्या आणि मेन्स फ्यूज निम्म्या अँपिअरचा घालायचा, 10 चा 5. फ्यूज तसाच ठेवणारे बरेच भेटतात. टर्नटेबलमध्ये एसी सिंक्रोनस मोटर असेल तर व्होल्टेज बदलून भागत नाही. 60 हर्ट्झची पुली 50 वर 33⅓ ऐवजी सुमारे 27.8 फेऱ्या देते. ती पुलीच बदलावी लागते, त्याला दुरुस्ती म्हणून वॉरंटी मागू नका.

आणि भारतातच अधिकृत विक्रेत्याकडून घेतलं असेल तर इतकं दमायची गरज नाही. 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि 2019 च्या कायद्यानुसार ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. 'मुंबईला या' म्हणणाऱ्या विक्रेत्याला पुण्यात किंवा कोल्हापुरात बोलावता येतं.

मंद्रसप्तक (पुणे)

मोजलं. लोड नसताना डावीकडे 0.50, उजवीकडे 0.50 व्होल्ट. 8 ओहम लावल्यावर उजवीकडे 0.49, डावीकडे 0.15 आणि तेही हलत राहतं. हेडफोनवर दोन्ही चॅनेल स्वच्छ.

शिसेकथील (डोंबिवली)

मग प्रश्न मिटला, स्पीकर रिलेच. हिशोब बघा: 0.50 चे 0.15 झाले, म्हणजे मधे 8 × 0.35 ÷ 0.15, सुमारे 19 ओहम. चांगल्या रिलेचा संपर्क काही मिलिओहम असतो. टर्मिनलच्या सैल सोल्डरनेही असं होऊ शकतं, पण मग व्हॉल्यूमने दोष जात-येत नाही, टर्मिनल हलवल्याने जातो-येतो. एकदा हलवून बघा.

आता मधला मार्ग. कंपनीला हे आकडे आणि व्हिडिओ पाठवून 'फक्त भागाची वॉरंटी' मागा: रिले, हवं तर संपूर्ण आउटपुट बोर्ड, त्यांनी पाठवावा, बसवण्याची मजुरी तुमची, आणि स्थानिक तंत्रज्ञाने उघडल्यामुळे उरलेली वॉरंटी जाणार नाही असं पत्र. 'आवाज येत नाही' एवढंच लिहिलेल्या ईमेलला कंपनीचं उत्तर साचेबंदच येतं. थंड अवस्थेत 19 ओहमचा संपर्क-प्रतिकार लिहिलेली ईमेल सर्व्हिस इंजिनिअरच्या टेबलावर जाते, आणि त्यालाही 21 किलोचा डबा नको असतो. त्या पत्रासोबत सर्व्हिस मॅन्युअलची तेवढी पानं मागा.

पत्र मिळेपर्यंत झाकणाला हात लावू नका. अमेरिकेत 2018 साली एफटीसीने (तिथल्या व्यापार आयोगाने) 'स्टिकर काढल्यास वॉरंटी रद्द' असं छापणाऱ्या कंपन्यांना ताकीद दिली होती, पण तो तिथला कायदा. तुमच्या खरेदीला त्याचा आधार नाही.

न्हावाशेवा

भाग मागवताना एक काळजी. फुकट आला तरी ड्युटी लागते, आणि 'किंमत शून्य' लिहिलेलं पार्सल अडकतं. वॉरंटी बदली भाग, खरी किंमत, मॉडेल आणि अनुक्रमांक असा इन्व्हॉइस आतही ठेवायला आणि बाहेरही चिकटवायला सांगा. रिलेची किंमत किरकोळ, ड्युटीही किरकोळ. अख्खा बोर्ड मागवलात तर रक्कम वाढेल, गरज नसेल तर मागवू नका.

खोकंबंद

तरीही शेवटी अ‍ॅम्प पाठवायची वेळ आली तर पॅकिंगवर कंजुषी नको, वाटेतलं नुकसान वॉरंटीत येत नाही. मूळ खोकं, मूळ फोम, त्याबाहेर पाच सेंटीमीटर फोम घालून दुसरं सात-पदरी खोकं. थर्माकोलचे सुटे दाणे 21 किलोखाली खाली बसतात आणि अ‍ॅम्प कोपऱ्यावर येतो. सगळ्यात आधी तुटतो तो टोरॉइडचा (गोल ट्रान्सफॉर्मरचा) मधला बोल्ट. खोकं कडेवर पडलं की पाच-सहा किलोचा ट्रान्सफॉर्मर बोल्टभोवती झोका घेतो आणि खालचा पत्रा वाकवतो. म्हणून खोक्यावर बाण काढण्यापेक्षा ते लाकडी पॅलेटला पट्ट्यांनी बांधा, म्हणजे कुणी आडवं टाकत नाही. रिमोटचे सेल काढून ठेवा.

भाडं मोजताना घनफळाचं वजन धरलं जातं: लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले 5000. 62 × 58 × 38 चं खोकं 27.3 किलोचं होतं, काट्यावर त्याहून कमी भरलं तरी.

मंद्रसप्तक (पुणे)

टर्मिनल हलवून पाहिलं, फरक नाही. आकडे आणि व्हिडिओ कंपनीला आणि दुकानाला एकाच ईमेलमध्ये पाठवले. कंपनीच्या सर्व्हिस विभागाने रिले पाठवायचं मान्य केलंय, पत्रही येतंय. बसवताना काय बघायचं?

शिसेकथील (डोंबिवली)

छान झालं. बसवणाऱ्याला हे दाखवा.

प्लग काढून मुख्य कपॅसिटरवर मीटर लावा. रेल्स (आतला डीसी पुरवठा) ±60 व्होल्टच्या असतील तर ते बंद केल्यावरही बराच वेळ भरलेले राहतात. 470 ओहम, 10 वॅटच्या रेझिस्टरने अर्धा मिनिट उतरवा आणि पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायचं नाही, कपॅसिटरची टोकं जळतात.

जुन्या रिलेला पॉलिश पेपर लावून वेळ मारून नेऊ नका. संपर्कावरचा मुलामा निघतो आणि काही महिन्यांत पुन्हा तेच. पाठवलेल्या रिलेवर कॉइलचं व्होल्टेज जुन्यावर छापलेलं तेच आहे ना बघा, बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये 24 असतं. दोन्ही चॅनेल एकाच रिलेवर असतील तर एका कामात भागलं. वेगळे असतील तर दोन्ही बदला, दुसराही तेवढाच जुना आहे. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तसाच दिसणारा रिले मिळेल, पण कंपनीचा भाग हातात असताना तो घालू नका, पत्राचा उपयोग जाईल. जुना सोल्डर आधी तो शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने किंवा पंपाने पूर्ण उपसा. जाड तांब्याच्या पट्ट्या उष्णता खेचून घेतात, घाईने ओढलं तर पॅड (बोर्डावरची सोल्डरची जागा) उचकटतो.

जोडल्यावर पहिल्यांदा सुरू करताना मेन्समध्ये 100 वॅटचा जुना तारेचा बल्ब एकसर जोडा. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तेजच राहिला तर लगेच बंद करा, कुठेतरी सोल्डरचा पूल झालाय. मंद झाला तरी बल्बमुळे व्होल्टेज कमी मिळतं, त्यामुळे रिले उचलला नाही तर घाबरू नका. बल्ब काढून थेट मेन्सवर सुरू केल्यावर तो उचलायला हवा. मग स्पीकर न लावता ऑफसेट मोजा, आणि तीच 100 हर्ट्झची अर्ध्या व्होल्टची चाचणी थंड असताना परत घ्या. लोड लावून दोन्ही बाजू 0.49 च्या आसपास आल्या पाहिजेत. बायसला (ट्रान्झिस्टरच्या स्थिर प्रवाहाच्या जुळणीला) हात लावायचं कारण नाही, पॉवर स्टेज उघडलेलाच नाही.

काढलेला रिले फेकू नका. छोट्या पिशवीत तारीख आणि अनुक्रमांक लिहून ठेवा, कंपनी जुना भाग परत मागू शकते, आणि तो दिला नाही तर पाठवलेल्या भागाचं बिल लावते.